खुर्चीमागचा माणूस

आमच्या घरांत चाकांची खुर्ची आली त्यास आतां पंचवीस वर्षें होत आलीं. ती आली आमचे वडील बंधु अण्णा यांच्याकरितां. आणि ती ढकलण्याचें काम पहिल्या दिवसापासून आमच्याकडे आलें. हें काम आम्ही मोठ्या निष्ठेनें करीत आलों आहों, असा आमचा समज होता. आल्यागेल्यानें त्याबद्दल आमची वाखाणणी केली म्हणजे आम्ही मान खालीं घालून विनय दाखवीत असूं, आणि मनांतल्या मनांत ती वाखाणणी जपून ठेवीत असूं. या समजास पहिला तडा गेला तो बर्फावरच्या एका खेळामुळें. हें नाशिकच्या माणसानें सांगावें याचें वाचकांस हसूं येईल. ज्या गांवीं बर्फ म्हणजे उसाच्या रसांत घालावयाचा जिन्नस, तेथें त्यावर खेळ कसले खेळावयाचे!

पत्र्यावरून घसरून अण्णांच्या कण्यास इजा झाली तेव्हां ते चाळिशीच्या आंतच होते. कमरेखालचें अंग गेलें. वरचें, जिभेच्या तिखटपणासह, शाबूत राहिलें. त्याआधीं जुन्या नाशकांत त्यांचें नांव दोन गोष्टींसाठीं होतें. रंगपंचमीस रंगानें भरून उघडावयाचे जे पेशवाईंतले हौद आमच्याकडे आहेत, त्यांना रहाड म्हणतात. तिवंध्याच्या रहाडींत उडी मारण्यांत अण्णा पुढें असत. पण तेथें त्यांच्या तोडीचे पुष्कळ निघत. कॅरमला बसल्यावर मात्र त्यांचा हात धरणारा आळींत कोणी नव्हता. पाय गेले तरी बोटें तींच राहिलीं, आणि घरांतला कॅरम चालू राहिला. घरांतला म्हणजे मुलांशीं व आमच्याशीं. आणि आम्ही तर बहुधा हरण्याकरितांच बसत असूं.

२०२२ च्या मार्च महिन्यांत, रंगपंचमीच्या दहाबारा दिवस आधीं, अण्णांची मुलगी मोबाईल घेऊन त्यांच्याजवळ आली. चीनमध्यें बीजिंग येथें त्या वेळीं हिवाळी पॅरालिंपिक सामने चालू होते. "बाबा, हा पाहा तुमचा कॅरम, बर्फावरचा!" असें म्हणून तिनें तो लहानसा पडदा त्यांच्यापुढें धरला. आम्हीहि मागून डोकावलों.

खेळाचें नांव कर्लिंग. तो मूळचा स्कॉटलंडचा. तेथले लोक गोठलेल्या तळ्यांवर सोळाव्या शतकापासून तो खेळत आले आहेत. सुमारें दीडशें फूट लांब बर्फाची पट्टी असते. तिच्या टोंकाला एकांत एक अशीं वर्तुळें काढलेलीं असतात, त्यांतलें सर्वांत बाहेरचें बारा फूट व्यासाचें. या वर्तुळांस ते लोक घर म्हणतात. माथ्यावर मूठ बसविलेला, सुमारें वीस किलो वजनाचा घडीव दगड असा सोडावयाचा कीं, तो घराच्या मध्याशीं जाऊन थांबावा, नाहीं तर आपल्या दगडाची राखण करावी, नाहीं तर प्रतिपक्षाचा दगड हुसकून लावावा. तेव्हां हा कॅरमच. सोंगटी भोकांत न घालतां मध्यावर नेऊन बसवावयाची इतकाच फरक. दगडाचा ग्रॅनाइट बहुधा स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळील एल्सा क्रेग नांवाच्या चिमुकल्या बेटावरून आणलेला असतो. बर्फहि आरशासारखा गुळगुळीत ठेवीत नाहींत. त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक दाणे उठवितात, आणि त्या दाण्यांवरून दगड सरकत जातो. हें पुतणीनें वाचून दाखवितांच अण्णा म्हणाले, "बोरिक पावडर!" दगड सोडतांना मूठ किंचित् फिरविली म्हणजे तो वाटेंत वळण घेतो, हें ऐकून तर त्यांनीं नुसती मान हलविली, जणूं काय हें त्यांना जन्मापासून ठाऊक होतें.

धडधाकट माणसें हा खेळ खेळतात तेव्हां दगडाच्या पुढें दोघेजण झाडू घेऊन चालतात व बर्फ जोरानें घासतात. घासल्यानें बर्फ जरा ऊन होतो आणि दगड अधिक लांब व अधिक सरळ जातो. हातून जोर कमी पडला तर त्याची थोडीबहुत भरपाई अशी वाटेंत करतां येते. खुर्चीवरच्या खेळांत ही सोय नाहीं. खेळाडू आपली खुर्ची बर्फावर स्थिर करतो, एका लांब दांड्याचें टोंक दगडाच्या मुठींत अडकवितो, आणि खांदा व दंड यांच्या बळावर दगड लोटतो. पाय बर्फास लागतां कामा नये. दगड सुटला कीं सुटला. पुढें त्याच्यावर कोणाचा उपकार नाहीं. खरें पाहतां धडधाकटांच्या खेळापेक्षां हा अधिक कठीण, असें आमचें मत झालें.

पण आमची नजर खिळली ती दुसऱ्याच एका गोष्टीवर. वीस किलोचा दगड पुढें लोटला कीं खुर्ची मागें सरकूं पाहते, आणि ती तर बर्फावर उभी. म्हणून खेळणाऱ्याच्या पाठीमागें त्याच्याच पक्षाचा एकजण आपली खुर्ची आणून लावतो, आणि दोन्ही हातांनीं पुढची खुर्ची घट्ट धरून बसतो. तो नेम पाहत नाहीं, पुढच्याला वळवीत नाहीं.

"अरे, तो मागचा ढकलीत नाहीं," अण्णा म्हणाले.

"नाहीं, नुसता धरून बसला आहे," आम्ही म्हणालों.

"तेंच म्हणतों मी." मग पडद्यावरची नजर न काढतां त्यांनीं विचारलें, "त्या कॅरमवाल्या मुलांना तूं काय सांगितलें होतेंस रे?"

आमच्या पायांखालची जमीन सरकली. तीन वर्षांपूर्वीं गांवांतल्या एका मंडळाचे दोघे तरुण आपल्या खुल्या कॅरम स्पर्धेचें निमंत्रण घेऊन आले होते. अण्णा आंत निजले होते. स्पर्धा वरच्या मजल्यावर होती आणि जिना अरुंद होता. आम्हीं दारांतच त्यांना सांगितलें, "त्यांना आतां झेपावयाचें नाहीं." मुलें नमस्कार करून गेलीं, आणि आम्हीं तो विषय घरांत काढलाच नाहीं. त्यांतल्या एकाची पुढें केव्हां तरी अण्णांशीं गांठ पडली असावी. ती गोष्ट त्यांनीं इतके दिवस पोटांत ठेवली होती. आणि त्या दिवसांत आम्हीं त्यांची खुर्ची किती वेळां गोदाघाटावर नेली व आणली असेल!

आम्हीं जिन्याचें कारण पुढें केलें. खरें कारण जिना नव्हता. चारचौघांत अण्णा हरले, त्यांचा हात कांपला, लोक हळहळले, तर तें आमच्यानें पाहवलें नसतें. त्यांचें दुःख टाळण्याच्या नांवाखालीं आम्हीं आपलें टाळलें होतें.

"मला विचारावयाचें होतेंस," अण्णा म्हणाले, आणि पुन्हां खेळ पाहूं लागले. त्या स्पर्धेचें सुवर्णपदक चीनच्या संघानें मिळविलें, स्वीडनचा संघ दुसरा आला, हें आम्हांस पुतणीनें मागाहून सांगितलें. आमचें लक्ष तिकडे नव्हतें.

त्यानंतर कांहीं दिवस आम्ही या विषयावर मिळेल तें वाचीत सुटलों. अपराधी माणूस वाचन फार करतो. १९४८ च्या जुलैच्या २९ तारखेस, लंडनचें ऑलिंपिक सुरू झालें त्याच दिवशीं, इंग्लंडांतील स्टोक मँडेव्हिल येथल्या रुग्णालयांत डॉ. लुडविग गुटमन यांनीं कण्यास इजा झालेल्या सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. त्या सोळांत दोन स्त्रिया होत्या. आजचें पॅरालिंपिक त्या अंगणांतून वाढलें. खुर्चीवरील कर्लिंगची पहिली जागतिक स्पर्धा २००२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें झाली, आणि २००६ च्या तुरिन येथील सामन्यांत हा खेळ पॅरालिंपिकमध्यें आला. तेथें पहिलें सुवर्णपदक कॅनडानें नेलें. चौघांच्या या संघांत स्त्रिया व पुरुष एकत्र असावे लागतात, ही गोष्ट आम्हांस विशेष आवडली. बीजिंगला ज्या इमारतींत आम्हीं हा खेळ पाहिला, ती २००८ च्या ऑलिंपिकमधली पोहण्याची जागा. तलावाच्या जागीं बर्फाच्या पट्ट्या घालून ती या खेळाकरितां तयार केली होती.

पोहण्यावरून अण्णांना मुरलीकांत पेटकर आठवले. सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूरचे हे जवान सैन्यांत मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धांत त्यांना गोळ्या लागल्या व कमरेखालचें अंग निकामी झालें. उपचार म्हणून पोहावयास लागले आणि १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें पन्नास मीटरची शर्यत त्यांनीं ३७.३३ सेकंदांत जिंकली. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. आणि पॅरालिंपिकमध्यें भारताला मिळालेलें तें पहिलें सुवर्णपदक. आम्हांस त्या काळीं याचा पत्ता नव्हता. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्यें, आणि त्यांच्यावरचा 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट आला २०२४ मध्यें, तेव्हां कोठें घरोघर त्यांचें नांव झालें. मराठींत ढकलणें या शब्दाला दुसराहि एक अर्थ आहे. आपण सर्वांनीं मिळून त्या माणसाचा मान शेहेचाळीस वर्षें पुढें ढकलीत नेला.

२०२३ च्या ऑक्टोबरांत चीनमध्येंच, हांगझौ येथील आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेंत, आमच्याच जिल्ह्याच्या सुरगाणा तालुक्यांतील दिलीप गावित या एका हाताच्या धांवपटूनें ४०० मीटरची शर्यत ४९.४८ सेकंदांत जिंकली. भारताचें त्या स्पर्धेंतलें शंभरावें पदक तें हेंच. अण्णांनीं पेढे आणविले. शेजारचे एक गृहस्थ पेढा तोंडांत टाकून म्हणाले, "बिचारा! एका हातानें!" त्यावर अण्णा म्हणाले, "बिचारे ते, जे त्याच्या मागें राहिले."

त्याच हिवाळ्यांत त्या मंडळाची कॅरमची स्पर्धा पुन्हां जाहीर झाली. या खेपेस अण्णांनीं सांगितल्यावरून आम्हींच जाऊन त्यांचें नांव दिलें, आणि भीतभीत विचारलें कीं, त्यांचे डाव तळमजल्यावर घेतां येतील काय? "हो, घेऊं कीं काका," मुलें म्हणालीं. इतकी सोपी गोष्ट विचारावयास आम्हांस चार वर्षें लागलीं!

कॅरमचा एक गुण तोंवर आमच्या लक्षांत आला नव्हता. या खेळांत सगळेच बसून खेळतात. डाव चालू असतां उठण्याची मुभा कोणासच नाहीं, आणि खुर्ची हलविण्याचीहि नाहीं. अण्णांच्या खुर्चीचा एका बाजूचा ब्रेक झिजला होता, आणि नेम धरून ते पुढें झुकले कीं ती हळूच फिरे. पंचांच्या परवानगीनें आम्ही मागें स्टुलावर बसलों व दोन्ही हातांनीं खुर्ची धरून राहिलों. सांगावयास सोपें वाटतें. पण पंचवीस वर्षें ढकलण्याची संवय झालेल्या हातांना नुसतें धरून राहणें किती अवघड! समोर काळी सोंगटी भोकाच्या तोंडाशीं होती आणि अण्णांचा हात कोनांत नीट पोहोंचत नव्हता. खुर्ची दोन बोटें डावीकडे सरकली असती तर! आम्हीं कांहीं केलें नाहीं असें आम्ही शपथेवर सांगूं. पण मनगटांत कांहीं तरी झालें असावें.

"धर," अण्णा मागें न पाहतां म्हणाले.

पहिली फेरी ते जिंकले. दुसरींत कॉलेजांतल्या एका मुलाशीं गांठ पडली. अण्णांनीं राणी घेतली, पण तिच्यामागून कव्हर गेलें नाहीं. राणी परत मध्यावर आली आणि ती त्या पोरानें नेली. हात थोडा कांपला होता, हें सर्वांस दिसलें. लोक हळहळले, आणि आम्हांस वाटलें होतें तसें कांहींच झालें नाहीं. त्या मुलानें जवळ येऊन अण्णांना त्यांचा एक फटका पुन्हां मारून दाखविण्याची विनंति केली. मग दुसऱ्यानें केली. आणि आम्ही जेवणाच्या वेळेस घरीं पोहोंचूं शकलों नाहीं.

परततांना वाड्याजवळच्या चढावाशीं आम्हीं संवयीनें हात पुढें केले. अण्णांनीं चाकांवर आपले हात ठेवलेलेच होते. त्यांना दम लागला, मध्यें दोनदां थांबावें लागलें. आम्ही शेजारून चाललों होतों आणि मोकळ्या हातांचें काय करावें हें सुचत नव्हतें.

"उद्यां तो ब्रेक बदलून आण," दारांत आल्यावर अण्णा म्हणाले. "तूं धरतोस, पण तुझे हात माझ्यापेक्षां जास्त कांपतात."