कुलूप आणि साणे

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी जिंतूरला गेलो आणि एक सबंध दुपार लोखंडी सामानाच्या दुकानात कुलपे पाहण्यात घालवली. लुगडे घ्यायला गेलेल्या बाईने दुकानदाराला पंचवीस घड्या मोडायला लावाव्यात, तशी मी त्याला कपाटातली सारी खोकी उघडायला लावली. माणूस सोशिक होता. अखेर चष्मा कपाळावर सरकवून त्याने विचारले, "साहेब, एक सांगा. कुलूप कुणासाठी पाहिजे? चोरासाठी, का घरच्यांसाठी?"

त्याने थट्टाच केली होती. पण मला उत्तर चटकन देता येईना. कारण दोन वर्षांपूर्वी याच प्रश्नाचे उत्तर मी चुकवून बसलो होतो.

आमचे घर जुन्या गावात आहे. मराठवाड्यात असते तसे माळवदाचे, जाड भिंतींचे. भिंतींना खिडक्या बेताच्या, म्हणून उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी माळवदाला हातभर रुंदीचे भोक ठेवलेले. त्याला आम्ही साणे म्हणतो. पावसाळ्यात त्यावर पत्रा ओढायचा, एरवी ते उघडेच. वडील गेल्यापासून आई तेथे एकटी राहते. मी पुण्याला असतो. "पुण्याला चल" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटले आहे, की आता त्याचे उत्तर द्यायचेही कष्ट ती घेत नाही.

माझ्या लहानपणी या घराचे दार दिवसा कधी लागलेले मला आठवत नाही. रात्री आतून अडसर सरकवायचा, एवढाच बंदोबस्त. कुलूप निघायचे ते केवळ परगावी जाताना. शेरभर वजनाचे, पेच फिरवून उघडायचे ते कुलूप कडीत अडकवून वडील तीनदा ओढून पाहत, आणि मग त्याची किल्ली शेजारच्या खालांकडे देऊन टाकत! लहानपणी मला याची मोठी मौज वाटे. किल्ली शेजारीच द्यायची, तर कुलूप लावायचे कशाला? आता वाटते, आपली भाषाही तशी उघड्या दाराचीच. 'कुलूप' हा शब्द आपण अरबांच्या 'कुफ्ल'वरून घेतला आणि 'चावी' पोर्तुगीजांकडून.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एक चोरी झाली. मी धावतपळत जिंतूरला आलो आणि पुढच्या दाराला एक कुलूप, आतून वर एक आणि खाली एक अशा दोन जाड पोलादी कड्या, मधला अडसर होताच, असा किल्ला उभा केला. साण्यालाही लोखंडी जाळी ठोकणार होतो. पण आई आडवी आली. "अरे, तेवढं राहू दे. सकाळचं ऊन तिथूनच येतं," ती म्हणाली. मी चिडलो. सगळ्या बंदोबस्तात तेवढे एक भोक राहिले म्हणून पुण्याला परत जाताना वाटभर मनाला टोचत राहिले.

त्याच हिवाळ्यात एका पहाटे आई न्हाणीत पाय घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. तिने हाका मारल्या. पण जाड भिंती आणि बंद दार यांतून हाक किती जाणार? उजाडल्यावरही दार उघडले नाही, म्हणून खालांनी कडी वाजवली, तेव्हा त्यांना आतून कण्हणे ऐकू आले. बाहेरून कुणाला काही करता येईना. किल्ली खालांकडे होती. पण आतल्या कड्यांना किल्ली कुठली? पहार आणायला माणूस गेला. तेवढ्यात खालांचा चौदा वर्षांचा नातू माळवदावरून माळवदावर आला आणि दोर बांधून साण्यातून आत उतरला. त्याने माझ्या कड्या एकेक करून काढल्या. जाळी ठोकली असती तर काय झाले असते, हे मी अजून पुरते मनात आणू शकत नाही.

म्हणून त्या दुपारी दुकानात मी इतका घोळ घालत होतो. आता मला कुलपांचे थोडेफार ज्ञान झाले होते. टांगते कुलूप कितीही भक्कम घेतले, तरी ज्या कोयंड्यात ते अडकवायचे त्याचे स्क्रू जुन्या लाकडात ढिले असले, तर चोर कुलपाकडे पाहतही नाही. तो कोयंडाच उपटतो. आत पट्ट्या असलेल्या कुलपात किल्लीने प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीला उचलावी लागते. पट्ट्या जितक्या जास्त, तितके ते अवघड. चपट्या दातेरी किल्लीचे कुलूप अमेरिकेतल्या लायनस येलचे. त्याचे पेटंट १८६१ सालचे. आतल्या लहान खुंट्या उचलण्याची मूळ युक्ती मात्र प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपातली. अभेद्य असे कुलूप नसतेच. लंडनच्या ब्रामा यांच्या दुकानात एक कुलूप, उघडणाऱ्याला दोनशे गिनी देऊ म्हणून, कित्येक वर्षे खिडकीत मांडलेले होते. १८५१ साली हॉब्ज नावाच्या अमेरिकनाने ते उघडलेच. मात्र त्याला सोळा दिवसांत मिळून पन्नासावर तास लागले. आमच्या गल्लीतल्या चोराजवळ इतकी सवड असेल असे वाटत नाही.

दुकानदाराने बोटाच्या ठशाने उघडणारे कुलूपही दाखवले. ते मला फार आवडले होते. पण जन्मभर भांडी घासलेल्या, राख-मातीत घातलेल्या बोटांच्या रेघा झिजतात. आईचा अंगठा बँकेतल्या यंत्रालासुद्धा धड कळत नाही. तिला तिच्याच घराने ओळखले नाही तर? आतून-बाहेरून किल्ली लागणारे एक कुलूप होते. तेही नको, कारण आत किल्ली तशीच राहिली तर पुष्कळदा बाहेरची किल्ली चालत नाही.

शेवटी ठरले ते नाइट-लॅच. दार ओढले की आपोआप लागते, आतून मूठ फिरवली की उघडते, बाहेरून किल्लीने उघडते. त्यातही आतली एक छोटी कळ दाबली की बाहेरची किल्ली निकामी होते. ती कळ नसलेले कुलूप मी मुद्दाम शोधून घेतले. संधिवाताच्या बोटांना धरता येईल अशी मोठी मूठ पाहिली. दार दोन फळ्यांचे, म्हणून सुताराने डावी फळी वर-खाली खिट्ट्यांनी पक्की बांधली आणि उजवीवर लॅच बसवले. माझ्या दोन्ही पोलादी कड्या मी स्वतः काढल्या. अडसर काढू का, असे विचारले तर आई म्हणाली, "राहू दे तिथंच. लावणार नाही मी." अडसर अजून भिंतीतल्या खोबणीत आहे.

वाऱ्याने दार लागले आणि आई बाहेर राहिली तर? याला उपाय एकच, तो वडिलांचाच. एक किल्ली खालांकडे दिली. परवा गेलो तेव्हा त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. किल्ली कुठे ठेवली म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "साखरेच्या डब्यात."

"तिथं का?"

"अरे बेटा, तुझी आई दोन दिवसांआड काठी टेकत येते साखर मागायला. किल्ली आहे का नाही, ते तीच बघून जाते."

मी आईकडे पाहिले. घरी तिच्या डब्यात दोन किलो साखर मीच आणून भरली होती.