सेल्डोव्हियाची जलयात्रा

अलास्कातील होमर बंदरातून निघालेली नौका कॅचेमॅक उपसागर ओलांडून सेल्डोव्हियाला पोहोचते. या गावाला बाहेरून येणारा रस्ता नाही. बोट किंवा विमान हेच मार्ग. वाटेत गल बेटाच्या कड्यांवर हजारो समुद्रपक्षी दिसतात. लाटांवर उताणी पहुडलेली समुद्री पाणमांजर पिल्लाला छातीवर घेऊन तरंगत असते.

याच प्राण्याच्या दाट केसांच्या कातड्यासाठी रशियन व्यापारी अलास्कात आले. मुद्दलच खाऊन टाकावे तशी अमर्याद शिकार झाली आणि ही जात नामशेष होण्याच्या बेतास आली. १९११ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर तिला अभय मिळाले. आज तिला केवळ पाहण्यासाठी प्रवासी तिकीट काढतात. कातडे एकदाच विकले जाते. जिवंत प्राणी मात्र वर्षानुवर्षे उत्पन्न देत राहतो.