दोष कोणाचा, ते आधी तपासा

आपल्या घरांतील कितीतरी मुले-मुली आज रुग्णालयांत, कारखान्यांत, कार्यालयांत देखभालीच्या कंत्राटी कामावर आहेत. अशा ठिकाणी यंत्र बंद पडले की पहिले बोट कोणाकडे दाखवले जाते, हे त्यांना वेगळे सांगायला नको. म्हणूनच आमचा एक अनुभव येथे मांडत आहोत.

आम्ही तिघे एका रुग्णालयाच्या देखभाल विभागात आहोत. वॉर्ड, अपघात विभाग, रक्तपेढी, ऑपरेशन थिएटर येथले सारे फोन एकाच सर्व्हरवर चालतात. त्यात ‘ॲस्टेरिस्क’ नावाचा प्रोग्रॅम आहे. मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाने तो १९९९ साली सुरू केला व सर्वांसाठी खुला ठेवला. सर्व्हर ‘सेंटओएस ७’ या प्रणालीवर होता. ३० जून २०२४ रोजी त्या प्रणालीची देखभाल थांबली, म्हणून ‘डेबियन १२’ ही नवी प्रणाली घालायचे ठरले. कंत्राटदाराचा माणूस रात्री आला. त्याने नवी प्रणाली घातली, जुनी सेटिंग समोर ठेवून नेटवर्कची फाइल लिहिली, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि पडद्यावर प्रोग्रॅम चालू दिसताच तो निघून गेला.

सकाळी एकही फोन लागेना. अपघात विभागात एक साधी थेट लाइन होती, तिच्यावर कसेबसे निभावले. बाकी निरोप पळत पळत न्यावे लागले. तेवढ्यात कोणीतरी म्हणाले, “पहाटे मावशींनी ती खोली पुसली. त्यांच्याच हाताने वायर हलली असणार.” झाले! सुपरवायझर साहेब मेमो लिहायला बसले. मावशी कंत्राटी. मेमो म्हणजे काम गेल्यातच जमा. घरात त्या एकट्या कमावत्या. आम्ही म्हणालो, “साहेब, अर्धा तास द्या. आधी तपासतो, मग लिहा.”

पहिली शंका वायरीवर होती, म्हणून पहिली तपासणी तिचीच केली. सर्व्हरची वायर काढून लॅपटॉपला लावली. लॅपटॉप लगेच नेटवर्कवर आला. म्हणजे वायर ठीक, पलीकडचा स्विचही ठीक. मावशी तेथेच सुटल्या! पण नुसते ‘त्यांनी केले नाही’ म्हणून भागत नाही, खरे कारणही दाखवावे लागते.

वायर परत सर्व्हरला लावली आणि त्याच्या पडद्यासमोर बसलो. ॲस्टेरिस्क चालू होते, पण एकही फोन त्याच्याकडे नोंदलेला नव्हता. राउटरला ‘पिंग’ करून पाहिले. उत्तर आले, नेटवर्कपर्यंत वाटच नाही. मग ‘आयपी लिंक’ ही आज्ञा देऊन यंत्राला विचारले की तुझ्याकडे नेटवर्कचे कार्ड कोणते? कार्ड होते, पण बंद. त्याचे नाव होते ‘ईएनपी३एस०’. सेटिंगच्या फाइलीत मात्र ‘ईटीएच०’ लिहिलेले!

येथेच सारे उलगडले. पूर्वी लिनक्समध्ये कार्डांना ईटीएच०, ईटीएच१ असे अनुक्रमांक मिळत. यंत्रात दोन कार्डे असली तर चालू होताना क्रमांक कधी कधी अदलाबदल होत. म्हणून २०१३ पासून कार्ड यंत्रात ज्या जागी बसले आहे त्यावरून नाव देण्याची पद्धत आली. आमच्या जुन्या प्रणालीत जुनेच नाव चालत होते. नवीने नवे नाव दिले. फाइलीतला पत्ता बरोबर होता, पण तो अस्तित्वातच नसलेल्या नावावर लिहिलेला होता. टपाल बरोबर, दारावरची पाटी बदललेली, असा प्रकार.

फाइलीची एक प्रत काढून ठेवली. मग फक्त नाव बदलले. आयपी पत्ता जुनाच ठेवला, कारण प्रत्येक फोनमध्ये सर्व्हरचा तोच पत्ता भरलेला आहे. नेटवर्क पुन्हा सुरू केले. पाठोपाठ फोन आपणहून नोंद होऊ लागले. रक्तपेढीचा फोन वाजला तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

त्यानंतर काय तपासले, काय सापडले, किती वाजता, हे सारे रजिस्टरमध्ये लिहिले व साहेबांची सही घेतली. मेमो फाटला. मावशींचे काम टिकले.

अशी कामे करणाऱ्या मुलामुलींना आमचे सांगणे एवढेच. प्रणाली बदलण्याआधी कार्डाचे नाव, आयपी पत्ता, गेटवे आणि डीएनएस कागदावर उतरवून घ्या. बदल झाल्यावर नुसता पडदा पाहून उठू नका, एका फोनवरून दुसऱ्यावर बोलून पाहा. बिघाड झालाच तर वायरीपासून सुरुवात करून एकेक पायरी चढा आणि प्रत्येक पायरी लिहून ठेवा. तोंडी शब्द साहेबांच्या खोलीत टिकत नाही, लिहिलेला टिकतो. ज्याला तपासता येते, त्याला आपल्या माणसावरचा खोटा आळही पुसता येतो.