शिरगाव ते खोपोली : पावसाळी चाकांवरून

शिरगावला, प्रतिशिर्डीच्या साईमंदिरात, गुरुवारी उभं राहायला जागा नसते. आम्ही मंगळवार धरला. दर्शन झालं आणि सोमाटणे फाट्याजवळच्या टायरच्या दुकानात गाडी लावली. जुलैच्या पावसात बोरघाट उतरायचा होता आणि अलॉयवरचे टायर गुळगुळीत होत आले होते. लोखंडी डिस्कवर चढवलेले नवे चार टायर डिकीत आणि मागच्या सीटवर होते.

कारागीर तरुण होता, पण हात जुना. अलॉयचा एक नट त्याने माझ्या तळव्यावर ठेवला. "ताई, हे डिस्कला नकोत. डिस्कचे वेगळे घ्या."

आमच्या अलॉयचे नट सपाट बुडाचे, वॉशरवाले. डिस्कच्या भोकाची कड मात्र आत उतरती असते. तिथे निमुळत्या बुडाचा नट नीट बसतो आणि चाकालाही मध्यावर आणतो. बूड चुकलं तर नट घट्ट वाटतो, पण टेकतो जेमतेम कडेवर. आटेही जुळायला हवेत. आमच्या गाडीला १२ मिलिमीटर जाडीचे, १.५ अंतराचे आटे; मारुतीच्या बऱ्याच गाड्यांना जाडी तीच, अंतर १.२५. चुकीचा नट एक-दोन वेढे गोडीने चढतो, मग अडतो. तेव्हा गन लावली की बोल्टचे आटे गेलेच.

त्याने हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढला, प्रत्येक नट बोटांनी चढवला, समोरासमोरचे आवळले आणि शेवटी टॉर्क पाना लावला. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे १०३ न्यूटन-मीटर. इतकी निगुती मला फार आवडली. माझी भाची मॉन्ट्रियलला असते. क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे, त्यामुळे तिच्याकडे हा सोहळा वर्षातून दोनदा. आपल्याकडे सक्ती नाही, पण मावळचा पाऊस आहे.

जुन्या हायवेने निघालो. वडगाव, कामशेत, कार्ला. भातलावणी चालली होती. डावीकडे लोहगड-विसापूर ढगांत बुडालेले. लोणावळ्यात न थांबता खंडाळा ओलांडला.

बोरघाटात पाणी रस्त्यावरून आडवं वाहत होतं. १८३० साली गव्हर्नर माल्कमने हा रस्ता खुला केला, तेव्हा कुठे इथे चाकाची गाडी चालू लागली; त्याआधी माल बैलांच्या पाठीवरून चढे. प्रत्येक वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर पडतं आणि हे सगळं ओझं हबवर दाबून धरतात ते चारदोन नटच. नवे टायर ओल्या वळणांवर कुठेही सरकले नाहीत.

नवं चाक बसवलं की डिस्क आणि हबमधला रंग, गंजाची पूड दबते आणि पकड किंचित सैल पडते. म्हणून पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावायचा. खोपोलीत चाकं निवल्यावर लावला. पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट थोडे फिरले, बाकीचे जागचे हलले नाहीत.

तुमच्या गाडीला अलॉय असतील तर आजच डिकी उघडून बघा. स्टेपनी बहुतेक लोखंडी डिस्कची असेल. तिला कोणता नट लागतो हे पुस्तिकेत वाचा आणि वेगळा लागत असेल तर एक संच घेऊन जॅकशेजारी ठेवा.