तीन प्रोजेक्टर, एक शिडी आणि आमचे चिरंजीव

गणपतीच्या तयारीला लागलेल्या सगळ्या आईबाबांसाठी ही पोस्ट. जरा तांत्रिक आहे, पण मी सीए आहे, इंजिनिअर नाही. मला कळलं म्हणजे तुम्हाला कळेलच.

न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाकडे तीन जुने प्रोजेक्टर आहेत, छताला टांगलेले. रिमोट दाबला की दोन सुरू, तिसरा ढिम्म. पुन्हा दाबावा तर सुरू झालेले दोघं विचारणार, बंद करू का? गेल्या वर्षी ६८ वर्षांचे एक काका बटण दाबायला शिडीवर चढले आणि घसरले. मनगटावर निभावलं. तेव्हाच ठरवलं, आता शिडी बंद.

मदतीला घेतलं १५ वर्षांच्या लेकाला. दोन वर्षं तो मंडळात फिरकला नव्हता. "सगळे मला मराठी बोलून दाखव म्हणतात," हे कारण. खरं सांगू? म्हणणाऱ्यांत मीही होते.

दोन प्रोजेक्टरना नेटवर्कची वायर चालते. जोडली, तर हुकूम कधी उजवा ऐकायचा, कधी डावा. दोघांचा आयपी पत्ता एकच! म्हणजे एकाच नंबरची दोन व्हाउचर. हा मात्र माझा प्रांत. एक्सेल उघडलं: कुठला प्रोजेक्टर, कुठला पत्ता, कुठली वायर. राउटर आपणहून जे पत्ते वाटतो त्यांच्या बाहेरचे दोन, कायमचे ठरवून दिले. वायरींच्या दोन्ही टोकांना नावं चिकटवली. हे तुम्हीही कराच.

मग नवीनच. बंद होतात, सुरू होत नाहीत. अख्खा शनिवार गेला. मेन्यूत स्टँडबाय वीज वाचवण्यावर होता, त्यामुळे प्रोजेक्टर झोपला की त्याचं नेटवर्कही झोपायचं. ते बदललं आणि सुटलं. कंपन्या वेगळ्या असल्या तरी दोघांना पीजेलिंक समजतं (पोर्ट ४३५२), त्यामुळे लेकाचा एकच प्रोग्रॅम दोघांना पुरला.

तिसरा म्हातारा. त्याला फक्त नऊ पिनांचं आरएस-२३२. लॅपटॉपला यूएसबी कन्व्हर्टर लावला, पुस्तिकेत होता तो ९६०० चा वेग ठेवला, तरी उत्तर नाही. मी वैतागून चारचौघांत लेकाला म्हटलं, "तूच काहीतरी चुकवलंयस."

तो काही बोलला नाही. पुस्तिकेचं पान माझ्यापुढे धरलं. त्या मॉडेलला क्रॉस केबल लागते, एका टोकाची २ नंबरची पिन दुसऱ्या टोकाच्या ३ ला. काहींना सरळ चालते, याला नाही. आणि सरळ केबल मागवली होती मी. बिल माझ्याच नावावर.

त्याच चारचौघांत त्याला सॉरी म्हटलं. अवघड गेलं हो.

गुरुवारी नवी केबल आली. त्याने एक बटण दाबलं, तिन्ही पडदे एकामागून एक उजळले. काका खाली खुर्चीत बसून बघत होते. लेक त्यांच्याकडे वळला, कोणी न सांगता म्हणाला, "काका, आता बंद करून दाखवू?"

"नको रे बाबा, राहू दे चालू!"

एक्सेल शीट हवी असेल तर मेसेज करा. पासवर्डचा रकाना काढून पाठवते.