छोट्या लाईनचा डिसेंबर

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला, विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनामुळे नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये गाड्यांची वर्दळ वाढली आणि सकाळी नळाचं पाणी हाताला झोंबायला लागलं, की आमच्या घरात एकच विषय निघायचा: नाताळच्या सुट्टीत यंदा कोणत्या गाडीनं जायचं? गाव कोणतं, ते नंतर. आधी गाडी. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. घरी मोटार नव्हती आणि हॉटेलात राहण्याची पद्धत नव्हती. सकाळी निघून रात्री घरी, फार तर एक मुक्काम, तोही ओळखीच्यांकडे.

बाबा स्टेशनवर जाऊन व्हीलरच्या दुकानातून टाइम टेबल आणत. रात्री जेवणं झाली की ते सतरंजीवर पसरायचं आणि सगळे भोवती बसायचे. या बाबतीत नागपूरकर खरोखर भाग्यवान. १८६७ मध्ये मुंबईकडून रेल्वे इथं पोचली आणि पुढे मुंबई-हावडा नि दिल्ली-मद्रास हे दोन्ही मोठे मार्ग नागपुरातच एकमेकांना भेटले. त्यामुळे लाल दगडाच्या आमच्या १९२५ सालच्या स्टेशनावरून चारही दिशा सारख्याच जवळच्या वाटत.

आजीचा कौल ठरलेला, सेवाग्राम. वर्ध्याच्या बाजूची गाडी, बापूकुटीसमोरच्या झाडाखाली डबा, जमलं तर पवनारला धाम नदीचा घाट आणि परतताना गोरसपाकाचे पुडे. आईला रामटेक हवं असे: गडमंदिराच्या पायऱ्या, अंबाळा तलाव, आणि गाडी थेट गावापर्यंत जाते ही सोय. मोठ्या काकांची ओढ उत्तरेला. काटोल, नरखेड, पांढुर्णा अशी संत्र्याच्या बागांची स्टेशनं मागे टाकत मुलताईला उतरायचं आणि तापीचं उगमकुंड पाहायचं. एवढी मोठी नदी, सुरतेजवळ समुद्राला मिळणारी, इथं गावातल्या एका कुंडापासून निघते, याचं त्यांना दरवर्षी नव्यानं नवल वाटे.

आम्हा मुलांचं मत मात्र फुटायचं नाही. आम्हाला छोटी लाईन.

छोटी लाईन म्हणजे इतवारी स्टेशनातून सुटणारी नॅरोगेज. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. एक फाटा उमरेड-भिवापूरवरून नागभीडला जाई, दुसरा सावनेर-सौंसरवरून सातपुडा चढत छिंदवाड्याला. आम्ही छिंदवाड्याचा धरायचो. डबा इतका अरुंद की समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागे आणि त्यामुळे कोराडी येईपर्यंत सगळ्यांशी ओळख झालेली असे. आईच्या डब्यात सांबारवडी आणि सोलेभात. सोले म्हणजे ओल्या तुरीचे दाणे. ती चव हिवाळा सोडून कधी मिळत नाही. स्टेशनावर आलुबोंडे, उकडलेल्या शेंगा, मीठ लावलेली बोरं. केळोदनंतर महाराष्ट्र संपे, पण लोधीखेडा आणि सौंसरला खिडकीतून ऐकू येई ती आपलीच मराठी. सौंसरला टोपलीभर संत्री डब्यात चढत, आणि पुढचा सगळा प्रवास सालींच्या वासात होई.

रामाकोन्यानंतर घाट सुरू व्हायचा. गाडीचा वेग एवढा मंद होई की तरणी पोरं खाली उतरून चार पावलं बरोबर चालत आणि पुन्हा चढत. वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन खिडकीतून दिसे. कुकडीखापा, भिमालगोंदी ही नावं मला शाळेच्या नकाशातून कधीच कळली नसती. सागाची पानगळ सुरू झालेली, हवेत नागपूरपेक्षा चांगलाच गारवा, आणि एखाद्या स्टेशनावर गाडी उगीचच थांबलेली. छिंदवाड्याला पोचेपर्यंत सगळी सकाळ आणि दुपारचा मोठा भाग खर्ची पडे. तिथं आम्ही काय पाहिलं, हे मला आता फारसं आठवत नाही. वाट मात्र स्टेशनासकट पाठ आहे.

आता आमच्याकडे डिसेंबरचा बेत फोनवर ठरतो. पुतण्या आधी पेंच किंवा ताडोब्याच्या सफारीच्या जागा बघतो, मग रिसॉर्ट, आणि गाडी दाराशी उभी असतेच. ११ डिसेंबर २०२२ ला नागपुरात एकाच दिवशी बिलासपूरची वंदे भारत सुरू झाली आणि समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा खुला झाला. माझ्या मते नागपूरकराच्या सहलीचा नकाशा त्या दिवशी पुरता बदलला. शिर्डी एका दिवसाच्या टप्प्यात आली, ही काही लहान गोष्ट नाही. आजी असती तर हरखली असती. थंडी मात्र तीच आहे. २०१८ च्या २९ डिसेंबरला पारा साडेतीन अंशांवर उतरला, तेव्हा तर जुन्या माणसांनाही नवल वाटलं.

छिंदवाड्याची छोटी लाईन २०१५ च्या अखेरीस बंद झाली, नागभीडची २०१९ च्या नोव्हेंबरात. दोन्ही वेळा हिवाळ्याच्या तोंडावर. रूळ रुंद करणं गरजेचं होतं, हे मी मनापासून मानतो. सौंसरहून नागपूरच्या मेडिकल इस्पितळात पेशंट आणणाऱ्या माणसाला घाटातल्या कौतुकाचं काय? त्याला लवकर पोचवणारी गाडी हवी, आणि काम चालू असतानाची कित्येक वर्षं त्या गावांनी गाडीशिवाय काढली. घाटातला टप्पा सगळ्यात शेवटी पुरा झाला. आता ब्रॉडगेजची गाडी पुन्हा छिंदवाड्यापर्यंत जाते. तेच सावनेर, तेच सौंसर, तोच सातपुडा.

मला खंत आहे ती वेगळीच. गाडी परत आली, पण सहलीला जाणारे परत आले नाहीत. मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात मुलांना जुनं इंजिन दाखवायला आईबाप आवर्जून नेतात, ते चांगलंच आहे. पण त्याच मुलांना इतवारीहून खऱ्या गाडीत बसवून घाट दाखवावा, हे फार थोड्यांना सुचतं. छिंदवाड्याहून पुढे तामिया आहे, पातालकोटची खोल दरी आहे, आणि डिसेंबर-जानेवारी हाच तिथं जायचा काळ.

माझं रेल्वेकडे एक मागणं आहे. हिवाळ्यातल्या रविवारी इतवारीहून सकाळी निघून संध्याकाळी परत आणणारी एक गाडी छिंदवाड्यापर्यंत सोडावी, तिला घाटात भिमालगोंदीला पंधरा मिनिटं थांबा द्यावा, आणि सौंसरच्या फलाटावर संत्री विकायला गावातल्या बायांना जागा द्यावी. सुटायची वेळ महिनाभर आधी जाहीर झाली, तर यंदा पुतण्याच्या घरी सतरंजी मी पसरीन.