बारा नंबरचा अपवाद

माझी एक जुनी विद्यार्थिनी हैदराबादला नोकरी करते. अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिले इथे बसून तयार करायची, हे तिचे काम. ती सांगते की तिकडे दारूची किंवा अफूजन्य नशेची सवय सोडवायला महिन्यातून एकदा नालट्रेक्सोनचे इंजेक्शन देतात, ३८० मिलिग्रॅमचे. त्याचा कोड जे २३१५. गंमत अशी की त्या कोडमध्ये एक मिलिग्रॅम म्हणजे एक नग. बिलात ३८० लिहायचे. नजरचुकीने १ लिहिला, तर पैसे एकाच मिलिग्रॅमचे मिळतात! सुई टोचण्याचा कोड परत वेगळा, ९६३७२. ऐकून मला हसू आले. पण व्यसन हा आजार आहे आणि त्याचा खर्च विम्याने उचलायचा, इथवर तरी ते लोक पोहोचले आहेत. विम्यात व्यसनावरचा उपचार असेल, तर त्याला इतर आजारांपेक्षा कडक अटी लावायच्या नाहीत, असा कायदाच त्यांनी २००८ मध्ये केला.

आपल्याकडची गोष्ट ऐका. आमच्या नात्यातल्या एक आपा ओढणीखाली फाइल लपवून घरी आल्या. मुलगा पुण्यात नोकरीला. दारूने कावीळ झाली, यकृत बिघडले, अकरा दिवस दवाखान्यात काढले. स्वतः हप्ते भरून घेतलेली पॉलिसी होती. तरी क्लेम नामंजूर. कारणाच्या जागी फक्त एक कोड आणि त्यात आकडा बारा.

विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून काय वगळता येते याची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली आणि प्रत्येक अपवादाला नंबर दिला. त्यातला बारावा म्हणजे दारू, अमली पदार्थ किंवा कोणतेही व्यसन यावरचा उपचार, आणि त्याचे परिणाम. हे शेवटचे तीन शब्द फार लांब पोहोचतात. यकृत त्यातच आले.

आता दुसरा कागद बघा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात. कलम २१ म्हणते की शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजाराला द्यावा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका मनोरुग्ण महिलेच्या प्रकरणात हेच कलम लावून विमा कंपनीला पैसे द्यायला लावले. ते प्रकरण व्यसनाचे नव्हते, हे खरे. पण एक कागद आजार म्हणतो आणि दुसरा अपवाद म्हणतो, तेव्हा माणसाने विचारायला तर हवे.

आपांचे म्हणणे निराळेच होते. "बाजी, तुमची डॉक्टरांशी ओळख आहे. कागदावर नुसती कावीळ लिहून घ्या ना. शराबचं नाव नको. घरात लग्नाची मुलगी आहे."

मी नाही म्हणाले. खोटी गवाही ती खोटी गवाहीच, मग ती दवाखान्याच्या कागदावर का असेना. शिवाय लबाडी उघडी पडली तर पॉलिसीच रद्द होते. आणि उद्या पोरगा रात्री तडफडत दुसऱ्या दवाखान्यात गेला, तर तिथल्या डॉक्टरला खरे कोण सांगणार? आपा रागावल्या. चहा तसाच ठेवून गेल्या. चार दिवसांनी मुलानेच फोन केला, "मामी, खरं तेच लिहा."

त्याचा अर्ज आम्ही आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे पाठवला. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. आपल्या भागासाठी ते कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावे लागते. नामंजुरीचे पत्र म्हणून कधी फाडू नका. आमच्या भगिनी शरमेने आधी तेच फाडतात.

पैशाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. उपचार थांबवून चालत नाही. लातूरच्या शासकीय वैद्यकीय संस्थेत मानसोपचार विभाग आहे, आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फुकट, मराठीतही बोलता येते. आपला मुलगा महिन्याच्या इंजेक्शनवर नाही. त्याला तेच औषध गोळीत मिळते, रोज एक, ५० मिलिग्रॅम. सध्या तो उदगीरलाच आहे. फजरनंतर आपा स्वतः समोर बसून ती गोळी त्याला देतात, आणि शेजारीण आली तर व्हिटॅमिनची आहे म्हणून सांगतात.